खाडी साफ करायला निघालात? आधी तिथी बघा

माहीम आणि वांद्र्याच्या मधल्या कॉजवेवरून बस जाते तेव्हा आतली माणसं नाकाला रुमाल लावतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. खाली मिठी नदी समुद्राला मिळत असते. तिथेच काठावर एखाद्या रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं चिखलात वाकलेली दिसली, तर त्यातला एक बहुधा मी असतो. "मलाही यायचंय, काय आणू?" असा मेसेज दर आठवड्याला कुणाचा तरी येतोच. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उदाहरणं माहीमची आहेत, पण वाशिष्ठी असो, उल्हास असो की गोव्यातली मांडवी, खाडीचं गणित सगळीकडे तेच.

ते गणित असं: खाडीत कचरा नुसता उचलल्याला काही किंमत नाही. पुढची भरती चढायच्या आत तो खाडीबाहेर गेला, तर गेला. नाहीतर तुम्ही फक्त त्याची जागा बदललीत. हे मी चुकून शिकलो. पहिल्याच वर्षी आम्ही एका सकाळी चाळीसेक गोण्या भरल्या, ओळीने रचल्या आणि त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढला. ठरवलेला टेम्पो आलाच नाही. उद्या बघू म्हणत सगळे घरी गेलो. त्या रात्री उधाणाचं पाणी होतं. सोमवारी सकाळी सहा-सात गोण्या तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, अडकलेल्या सापडल्या, बाकीच्या गेल्या. म्हणजे सुटा कचरा होता, तो आम्ही नीट बांधून समुद्राच्या स्वाधीन केला. फोटो अजून कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

पहिल्या खेपेला काहीच उचलू नका

हे ऐकून लोक हिरमुसतात, पण पहिला दिवस फक्त चालण्याचा. नदी कुठून येते हे आधी डोक्यात बसू द्या. विहार आणि पवई तलावांचं ओसंडून वाहणारं पाणी म्हणजे मिठीची सुरुवात. तिथून साधारण १८ किलोमीटर ती साकीनाका, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असं करत माहीमला येते. वाटेत विमानतळाची धावपट्टी तिच्या डोक्यावरून जाते, पुढे वाकोल्याचा नाला येऊन मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की हा नाला नाही, ही नदी आहे. त्यानंतर तिच्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं, खोलीकरण झालं, भिंती बांधल्या गेल्या. पण वरून येणारा कचरा भिंतीला घाबरत नाही.

तो नेमका मुखाशीच का साठतो? ओहोटीला नदीचं पाणी त्याला समुद्राकडे ओढतं. सहा तासांनी भरती त्याला परत आत ढकलते. या ढकलाढकलीत पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे तो बसतो, आणि खाडीत वेग मंदावतो तो तिवरांच्या मुळांत. केसांत फणी फिरवावी तशी ही मुळं पाण्यातून कचरा गाळून घेतात.

चालताना काठावरच्या रेषा वाचायला शिका. सगळ्यात वरची, वाळलेली रेषा उधाणाच्या भरतीची. तिच्यात थर्माकोल, बाटल्या, चपला, असला हलका माल. त्याखालची ओली रेषा कालची किंवा आजची. तिच्यात पाकिटं, निर्माल्य, पिशव्या. आणि अगदी खाली चिखलात कापड. नवख्या माणसाला वाटतं खाडीत प्लास्टिकच असतं. प्लास्टिक डोळ्यांना दिसतं, इतकंच. कमरेला काय सहन करावं लागतं ते विचाराल, तर मी कापड म्हणेन.

कोळीवाड्यात आधी रामराम घाला

खाडी रिकामी जागा नसते. आपण रविवारी दोन तास येतो, तिथे रोज पोट भरणारी माणसं असतात. होड्या कुठे ओढतात, जाळी कुठे सुकवतात, कुठल्या वाटेने चालायचं नसतं, हे त्यांना विचारल्याशिवाय खाली उतरू नका.

आमच्यातल्या एका उत्साही मुलाने दोरीला बांधलेले चार-पाच पांढरे प्लास्टिकचे कॅन कापून गोणीत टाकले होते. दिसायला कचराच. तेवढ्यात काठावरून एक मावशी ओरडत आल्या, "अरं पोरा, बोया हाय तो आमचा! जाल्याचा बोया!" बोया म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारा कॅन. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. गोणी तिथेच उलटी केली, कॅन शोधले, दोरी नवीन आणून दिली. मावशींनी मग आम्हाला चहा पाजला आणि वर ऐकवलंही, "कचरा उचलाया आलाव ना, तर आधी इचरा की कचरा कंचा." त्या दिवसापासून दोरीला बांधलेलं काहीही, मग ते कितीही भिकार दिसो, आम्ही विचारल्याशिवाय हलवत नाही.

विचारपूस करण्याचा दुसरा फायदा म्हणजे माहिती. कुठे चिखल गुडघ्याएवढा आहे, कुठे मांडीपर्यंत, कुठे खाली दगडांवर कालवं आहेत, हे नकाशात नसतं.

सरकारी बाजूही सांगून ठेवतो. तिवरांच्या जागा या मोकळ्या मैदानासारख्या नाहीत. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं, म्हणजे खारफुटीची रानं, राखीव वन म्हणून जाहीर झालेली आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचाच घाला मानला आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. त्यामुळे तुम्ही कितीही चांगल्या कामाला निघाला असलात, तरी आत शिरण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाला पत्र द्या. हा कक्ष २०१२ पासून आहे. दुसरं पत्र आपल्या विभागाच्या पालिका कार्यालयात, घनकचरा खात्याला: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी गाडी हवी. पत्राची पोच घ्या आणि आदल्या दिवशी फोन करा. आणि गाडीवाल्याचा नंबर स्वतःकडे असू द्या, सायबांचा असून उपयोग नसतो. आधीच चालू असलेल्या गटात जात असाल तर हे सगळं कुणीतरी केलेलं असतं. नसेल, तर विचारा कुणी केलं आहे. कुणीच केलं नसेल, तर त्या गटाबरोबर चिखलात उतरू नका.

तिथीची पाऊणपट

आता मुख्य गोष्ट. लोक "रविवारी सकाळी सातला" असं ठरवून येतात आणि येऊन बघतात तर पाणी भिंतीला लागलेलं. समुद्राला रविवार माहीत नसतो.

किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपासच्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास. ओहोटी त्यापासून सहा तासांवर, म्हणजे सकाळी नऊला. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून हे जमतं. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उतरायला उशीर लागतो. तेव्हा अंदाजासाठी पाऊणपट, आणि निघण्याआधी भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघायचंच.

यातून सकाळच्या कामाचे दिवस आपोआप ठरतात. प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत ओहोटी साधारण सात ते नऊच्या दरम्यान येते. हे आमचे सोन्याचे दिवस. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. म्हणजे ऐन उन्हात काम. दशमी-एकादशीच्या सकाळी खाडी तुडुंब असते, तेव्हा घरी झोपा.

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं: पाणी चढतंही जास्त, उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा हालचाल कमी. उधाणानंतरच्या दोन-तीन दिवसांत वरच्या रेषेवर ताजा माल येऊन पडलेला असतो आणि ओहोटीला चिखलही लांबवर उघडा पडतो. म्हणजे प्रतिपदा ते चतुर्थी हा काळ दोन्हीकडून सोयीचा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवसांच्या तारखा पालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी खाडीत कामाचं नावही काढू नका.

ओहोटीच्या वेळेआधी दोन तास सुरू करा. ओहोटीनंतर अर्ध्या तासाने शेवटची गोणी काठाच्या वर गेलेली असली पाहिजे. पाणी परत फिरतं तेव्हा ते समोरून येताना दिसत नाही, बाजूच्या चरांतून मागे शिरतं. वाकून काम करणाऱ्या माणसाला हे कळत नाही. म्हणून एकजण फक्त पाण्याकडे बघायला ठेवतात. ज्याची कंबर दुखते त्याला हे काम द्या, तो खूश होतो.

अंगावर काय, हातात काय

गमबूट घेऊ नका. सगळे तेच आणतात. गुडघाभर चिखलात गमबूट जागेवर राहतो आणि पाय बाहेर येतो. नाडी घट्ट बांधता येणारे जुने पीटीचे बूट उत्तम. चपला किंवा अनवाणी अजिबात नको. कालवांची धार ब्लेडसारखी असते, आणि मेलेल्या शिंगाळा माशाचा काटा चपलेच्या तळव्यातून सरळ वर येतो. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, टोपी. हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते, तळव्याला रबराचा जाड थर असलेले. दवाखान्यात वापरतात ते पातळ मोजे पाच मिनिटांत फाटतात.

हातापायाला ताजी जखम असेल तर त्या दिवशी काठावर गोण्या मोजा, खाली उतरू नका. मिठीत सांडपाणी येतं आणि उंदीरही भरपूर आहेत. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार, जखमेतून सहज शिरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य "मी खाडीच्या चिखलात उतरलो होतो" हेच बोला. पावसाळ्यात पहिल्यांदा येऊ नका. दिवाळीनंतर या.

हत्यारं साधी: पंजा, एक लांब लोखंडी आकडी, विळा, घमेली आणि गोण्या. गोण्या साखरेच्या किंवा सिमेंटच्या, विणलेल्या. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या कुणी आणल्या तर आभार मानून बाजूला ठेवा. त्यांतून पाणी निथळत नाही, उचलताना त्या फाटतात, आणि कचरा काढायला आपण आणखी कचरा आणलेला असतो.

चिखलात पाय रुतला तर तो सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन तो आणखी घट्ट धरला जातो. थोडं मागे बसल्यासारखं करा, टाच इकडेतिकडे हलवा, पाणी आत शिरू द्या, मग हळूच काढा. एक रुंद फळी जवळ असेल तर तिच्यावर हात टेकता येतो. पहिल्या तीन खेपा तर वरच्या कोरड्या रेषेवरच काम करा. तिथे काही कमी माल नसतो.

साडी ओढायची नसते

वीसजण असतील तर दहाजण वाकायला आणि दहाजण वाहायला. नवखे सगळेच वाकतात, कारण वाहण्यात फोटो नाही. मग शेवटच्या अर्ध्या तासात पन्नास गोण्या चिखलात उभ्या आणि माणसं दमलेली. गोणी अर्धीच भरा. दोघांना उचलून न थांबता वीस पावलं चालता आलं पाहिजे, हे माप. काठापर्यंत साखळी करा.

सुरुवात थर्माकोलने. ऊन चढलं की वारा सुटतो आणि मग ते हातात येत नाही. त्याला पायाने दाबून फोडू नका. त्याचे साबुदाण्याएवढे दाणे होतात आणि ते पुन्हा कधीच गोळा होत नाहीत.

मग कापड. इथे थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने इथेच होतं. तिवराची श्वसनमुळं पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी चिखलातून वर आलेली असतात. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून झाड या मुळांनी ओहोटीच्या वेळी श्वास घेतं. साडी वाहत येते आणि या पेन्सिलींतून आत-बाहेर, आत-बाहेर अशी विणली जाते. वर चिखलाचा थर बसतो. बाहेर दिसतो फक्त वीतभर पदर. नवखा माणूस पदर पकडतो, पाय रोवतो आणि ओढतो. साडी येते, तिच्याबरोबर तीस-चाळीस मुळंही मोडून येतात. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा कट् कट् असा आवाज आला होता, वाळलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारखा. तेव्हा मला तो यशाचा आवाज वाटला.

करायचं असं. पदर उचला, पहिल्या मुळापर्यंत विळ्याने कापा, तुकडा गोणीत. चिखल हाताने बाजूला करा, पुढचा तुकडा मोकळा करा, कापा. एका साडीला वीस मिनिटं लागतात. जो भाग खोल गेलाय तो सोडून द्या, पुढच्या उधाणाने थोडा सैल होतो. तिवरांत शिरताना सगळ्यांनी एकामागोमाग एकाच पायवाटेने चालायचं. वीस माणसं वीस वाटांनी गेली तर कचऱ्याने मोडली नसती इतकी मुळं बुटांनी मोडतात.

इंजेक्शनच्या सुया, फुटक्या बाटल्या हाताने उचलायच्या नाहीत. लांब चिमटा आणि झाकणाचा जाड कॅन वेगळा ठेवा, तो पालिकेच्या माणसाकडे सांगून द्या. डायपर, सॅनिटरी पॅड भरपूर निघतात, मनाची तयारी ठेवा. बंद ड्रम किंवा उग्र वासाचा कॅन दिसला तर उघडू नका, लांबून फोटो काढून कळवा. गणपतीनंतरच्या आठवड्यात मूर्तींचे अवशेष येतात. ते गोणीत कोंबू नका, घमेल्यात वेगळे ठेवून पालिकेच्या ठरलेल्या ठिकाणी द्या. यावरून वाद होतात आणि वाद करायला ओहोटी थांबत नाही. कोकणातल्या खाड्यांत गेलात तर हुरा हे झाड ओळखायला शिका, काहीजण त्याला गेवा म्हणतात. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा गमवायची वेळ येते.

काय उचलायचं नाही, तेही बघा. वाहून आलेली लाकडं, पालापाचोळा, शिंपले, शेवाळ. हा खाडीचा स्वतःचा कचरा आहे, त्यावर खेकडे जगतात.

गोण्या वर आल्यावर

निम्मं काम इथून पुढे असतं आणि निम्मी माणसं इथे निघून जातात.

गोण्या भरतीच्या सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर ठेवा. बाटल्या, कडक डबे, धातू वेगळे काढा. हे कचरावेचक किंवा भंगारवाला घेतो, आणि माहीमच्या बाबतीत तर धारावीतला पुनर्वापराचा एवढा मोठा धंदा हाकेच्या अंतरावर आहे. वेचकांना कामाला बोलावलंत तर मजुरी द्या. तुमची सेवा ही त्यांची रोजी आहे. वेफर्स आणि शाम्पूची, आतून चांदीसारखी दिसणारी पाकिटं कुणीही घेत नाही. चिखलात भिजलेलं कापडही नाही. ते पालिकेच्या गाडीतच जातं. "इथेच पेटवून देऊ" असं सुचवणारा एकजण प्रत्येक गटात असतो. त्याला पाण्याकडे बघायला बसवा.

प्रत्येक खेपेला कुठलीही एक गोणी ताडपत्रीवर उलटी करा आणि मोजा. किती पाकिटं, कुठल्या कंपन्यांची, किती चपला, किती कापड. वहीत तारीख आणि तिथीसकट लिहा. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली, एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी १ जुलै २०२२ पासून आली, आणि पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारीही नियमांनी टाकली आहे. या नियमांचं काय झालं हे विचारायला पालिकेत गेलात, तर "खूप कचरा येतो हो" या वाक्यापेक्षा वही जड पडते.

झाडं लावू नका

वृक्षारोपणाला पाहुणे येतात, बॅनर लागतो, म्हणून सगळ्यांना ते हवं असतं. पण तिवर कुठे उगवेल हे भरतीच्या पातळीवर ठरतं. हातभर खाली लावलं तर ते बुडून मरतं, हातभर वर लावलं तर वाळतं. उघडा चिखलही पडीक जागा नसतो. ओहोटीला तिथेच बगळे आणि तुतवार जेवायला येतात. लावायचंच असेल तर ते काम कांदळवन कक्षाच्या देखरेखीखालीच.

आपलं काम जागा मोकळी करण्याचं. तिवराची फळं पावसाळ्याच्या सुमारास गळतात, पाण्यावर तरंगत जातात आणि जिथे चिखल लागेल तिथे रुजतात. चिखलावर प्लास्टिकची चादर असेल तर रुजत नाहीत. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा एक तुकडा निवडा आणि फक्त तेवढाच वर्षभर साफ ठेवा. आमच्या तुकड्यात पहिल्या पावसाळ्यानंतर अकरा रोपं मोजली. एकाने तर चहाच्या प्लास्टिकच्या कपाचं बूड फोडून डोकं वर काढलेलं होतं. कप कात्रीने कापून काढला, एवढंच काय ते आमचं वृक्षारोपण.

झाडं ओळखायला शिकलात तर मजा येते. पेन्सिलीसारखी बारीक मुळं तिवराची, जाड शंकूसारखी चिप्पीची. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. आणि सुधारणा बघायची तर झाडांआधी निवट्या बघा. चिखलावर उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला तो मासा परत दिसायला लागला, की खाली काहीतरी बरं चाललंय. शेजारीच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पूर्वी कचराभूमी होती आणि १९९४ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. एकदा तिथे जाऊन, नदीकडच्या कडेला उभं राहून या.

मग नाल्याकडे जा

तीन-चार खेपा झाल्या की प्रत्येकाला तो प्रश्न पडतो: परत येणारच असेल तर काढायचा कशाला? वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये काम सुरू केलं, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कचरा मात्र दर पावसाळ्यात येतच राहिला. पुढे ते स्वतः मिठीच्या काठावर वस्त्यांमध्ये काम करू लागले. किनाऱ्यावरून नदीकडे, नदीवरून घराकडे, अशीच ही वाट जाते.

तुम्हीही तुमच्या वहीतलं कापड कुठल्या नाल्यातून येतं ते शोधा. शिवणकामाच्या गाळ्यांच्या मागे चिंध्या टाकायला डबाच नसेल, तर चिंध्या नाल्यातच जाणार. तिथे महिन्यातून एक फेरी मारा. आमच्या अनुभवात खाडीतल्या चार रविवारांपेक्षा तिथला एक डबा जास्त कामाचा ठरला.

सांडपाण्याचं मात्र आपल्याला काही करता येत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. मुंबईत धारावी आणि वांद्र्यासह सात ठिकाणी नव्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. ती पूर्ण चालल्याशिवाय खाडीचं पाणी काळंच राहणार. "एवढं करून वास तर तसाच आहे" असं कुणी म्हणालं तर रागावू नका. खरंच तसाच आहे.

घरी जाताना

रिक्षात किंवा लोकलमध्ये चढायच्या आधी बूट काढून पिशवीत बांधा, दुसरी चप्पल सोबत आणलेली असावी. हात कोपरापर्यंत साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका. घरी कपडे वेगळ्या बादलीत, आंघोळ आधी, चहा नंतर. बूट गच्चीत उलटे वाळत घाला, दोन दिवस तरी घरात आणू नका. घरच्यांच्या सहनशक्तीवर पुढचे रविवार अवलंबून असतात.

मग कॅलेंडर काढा आणि पुढच्या महिन्यात प्रतिपदा ते चतुर्थीत रविवार कधी येतो त्यावर खूण करा. एखाद्या महिन्यात असा एकही रविवार येत नाही. तेव्हा शनिवार जमतो का बघा, किंवा त्रयोदशीच्या आसपासची दुपारी चारची ओहोटी घ्या. पिण्याचं पाणी मात्र दुप्पट आणा, आणि टेम्पोवाल्याला सहाची वेळ सांगताना साडेपाचची सांगा.